देवगिरीचं ऑफिस चालवणारा माणूस

मित्रांनो, आमच्या हॉस्टेलवर हिंगोलीकडची पोरं बरीच आहेत, आणि हिंगोलीचा पोरगा म्हटला की त्याने मित्रांना एकदा तरी औंढा नागनाथला नेलेलं असतंच. आधी बाहेरच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघायचं, मग रांगेत उभं राहायचं, आणि शेवटी वाकून, अंग चोरून तळघरात उतरायचं. उंच पोरांचं डोकं तिथे हमखास आपटतं. बाहेर आल्यावर चहा पिताना कोणीतरी म्हणतंच, की हे देऊळ हेमाडपंती आहे. मग दुसरा विचारतो, की हा हेमाडपंत कोण?

इथून घोळ सुरू होतो. एक म्हणतो मोठा गवंडी होता. दुसरा म्हणतो साईसच्चरित लिहिणारा तो. तिसऱ्याची आजी सांगायची की बाजरी त्याने आणली. चौथ्याला शाळेतलं आठवतं, मोडी लिपीवाला. गंमत म्हणजे साईसच्चरिताचे लेखक गोविंदराव दाभोलकर यांनाही साईबाबांनी हेमाडपंत हेच नाव दिलं होतं, त्यामुळे त्या दुसऱ्याचं अगदीच चुकलं असं नाही. पण आपले हेमाडपंत त्यांच्या साडेसहाशे वर्षं आधीचे. ते गवंडी नव्हते. आजच्या भाषेत सांगायचं तर ते एका मोठ्या राज्याचं ऑफिस चालवत होते. आपण सगळे उद्या कुठल्या ना कुठल्या सिस्टीमवर काम करणार आहोत, काहीजण सरकारी ॲप आणि पोर्टलही बनवतील. म्हणून या माणसाची गोष्ट आपल्याला माहीत असावी असं मला वाटतं.

घराणं आणि नोकरी

त्यांचं खरं नाव हेमाद्री. गोत्र वत्स. वडिलांचं नाव कामदेव, आजोबा वासुदेव, पणजोबा वामन. ही वंशावळ त्यांच्याच ग्रंथात आहे. काळ तेराव्या शतकाचा. देवगिरी, म्हणजे आजचा दौलताबादचा किल्ला, ही यादवांची राजधानी होती. यादवांचं राज्य ऐन भरात होतं आणि नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत त्यांचा दबदबा होता. आपला गोदावरीचा आणि पूर्णेचा मुलूख त्याच राज्यात होता.

राजा महादेवराय यादव 1261 मध्ये गादीवर आला. त्याच्या दरबारात हेमाद्री श्रीकरणाधिप झाले. करण म्हणजे लेखनाचं, हिशेबाचं खातं, आणि श्रीकरणाधिप म्हणजे त्या सगळ्या खात्याचा वरचा अधिकारी. आज मुख्य सचिव आणि वित्त सचिव या दोन खुर्च्या एकत्र केल्या तर साधारण तेवढं काम होईल. जमीन कोणाची, सारा किती, दान कोणाला दिलं, सैन्याला किती गेलं, या सगळ्याचा कागद त्यांच्या खात्यातून जायचा.

महादेवरायाने उत्तर कोकणातल्या शिलाहारांचा पराभव केला आणि राज्याची हद्द समुद्राला भिडली. आता जरा विचार करा. ठाण्याची बातमी देवगिरीला यायची ती घोड्यावरून किंवा माणसाच्या पायाने. देवगिरीचा हुकूम खाली जायचा तोही तसाच. झेरॉक्स नाही, छापखाना नाही. एक हुकूम दहा ठिकाणी पाठवायचा तर दहा वेळा हाताने लिहायचा. म्हणजे घोडा कितीही पळाला तरी सगळं अडायचं एकाच जागी, कारकुनाच्या मनगटाशी.

राजा बदलला, ऑफिस चालू राहिलं

1271 मध्ये महादेवराय वारला. मुलगा आमणदेव गादीवर बसला. पण महादेवाच्या आधी राज्य होतं त्याचा थोरला भाऊ कृष्णदेव याच्याकडे, आणि कृष्णदेवाचा मुलगा रामदेव आपला हक्क सांगत होता. त्याने आणि त्याच्या माणसांनी नटांच्या वेशात देवगिरीत प्रवेश मिळवला आणि खेळ चालू असताना गादी बळकावली, असं सांगतात. आमणदेवाचे हाल झाले. सिनेमात शोभेल असा प्रसंग आहे.

पण मला जास्त नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. राजा गेला, त्याचा मुलगा गेला, सगळा दरबार उलटापालटा झाला, आणि हेमाद्री जागेवरच राहिले. ठाण्याला सापडलेल्या 1272 च्या ताम्रपटात रामदेवरायाचा मोठा अधिकारी म्हणून त्यांचं नाव येतं. त्यातच झाडी मंडळ, म्हणजे विदर्भाच्या पूर्वेचा जंगलपट्टा, जिंकल्याचं श्रेयही त्यांना दिलं आहे. म्हणजे हा नुसता टेबलावरचा माणूस नव्हता. तरीसुद्धा नव्या राजाने त्यांना ठेवलं याचं सरळ कारण असं दिसतं, की गादी तलवारीने घेता येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सारा कोणाकडून किती यायचा आहे हे दप्तरच सांगतं. आणि दप्तर ज्याला कळतं तो माणूस कोणालाही लागतोच. आपल्याकडेही सर्व्हरचा पासवर्ड माहीत असलेल्या लॅब असिस्टंटला कोणी दुखवत नाही, तसंच.

हात न उचलता

आता मोडी. हेमाडपंतांनी मोडी लिपी लंकेहून आणली अशी एक जुनी कथा आहे. ती कथाच. मोडी त्यांनी नवी घडवली की आधीच्या घाईच्या लेखनाला शिस्त लावली, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण मराठी राज्यकारभारात मोडी रूढ करण्याचं श्रेय परंपरेने त्यांनाच दिलं आहे, आणि ते श्रेय कोणत्या कामाचं आहे हे समजून घ्यायला हरकत नाही.

आपण आत्ता वाचतोय ती बाळबोध, म्हणजे देवनागरी. ती लिहिताना प्रत्येक अक्षराला हात उचलावा लागतो. आधी अक्षर, मग काना, मग मात्रा, मग वर शिरोरेषा. एका ओळीत किती वेळा पेन उचललं जातं ते एकदा मोजून बघा. परीक्षेत सात मार्कांचं उत्तर लिहिताना मनगट का दुखतं ते कळेल.

मोडीने हे सगळं उलटं केलं. आधी पानभर ओळ आखून घ्यायची. मग त्या ओळीखाली अक्षरं अशी लिहीत जायची की एकाचा शेवट म्हणजे दुसऱ्याची सुरुवात. कोपरे मोडून वळणं केली, म्हणून मोडी असं म्हणतात. काना अक्षरातच मिसळून टाकला. ऱ्हस्व आणि दीर्घ हा भेद ठेवलाच नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, वाक्य संपलं तरी पूर्णविराम द्यायचा नाही. नेहमीच्या शब्दांना ठरलेली आखूड रूपं, जसं राजमान्य राजश्रीचं रा. रा. बोरू दौतीत बुडवायचा आणि शाई संपेपर्यंत सुटायचं.

इंजिनिअरच्या नजरेने बघा. कुठे अडतंय ते शोधलं, मनगटात. तेवढीच गोष्ट बदलली. त्यासाठी नवं यंत्र आणलं नाही, माणसं वाढवली नाहीत. जी हालचाल दिवसातून हजारो वेळा होते ती छोटी केली. आज मोबाइलवर एखादं काम तीन क्लिकऐवजी एका क्लिकमध्ये करणारा डिझायनर जे करतो, तेच.

कागदाचा साचा

दुसरं काम मेस्तकाचं. हेमाडपंती मेस्तक म्हणजे कारकुनांसाठीची नियमावली. कोणाला लिहिताना मायना कोणता घालायचा, वडीलधाऱ्याला कसा, बरोबरीच्याला कसा, हाताखालच्याला कसा, हे सगळं ठरलेलं. ऐकायला हे नुसतं शिष्टाचाराचं वाटतं. पण कागदाच्या सुरुवातीलाच तो कोणाकडून कोणाला आणि कोणत्या दर्जाने चालला आहे ते कळलं, की कारकुनाचं अर्धं काम संपतं. कुठे पाठवायचा, कोणत्या दप्तरात बांधायचा, हे पहिल्या दोन ओळींतच ठरतं. आपण डेटाबेसमध्ये ठरलेले रकाने करतो ते यासाठीच. शंभर लेखनिकांच्या शंभर तऱ्हा असतील तर दप्तर हा नुसता ढिगारा होतो.

देऊळ, बाजरी आणि ग्रंथ

आता औंढ्याच्या चहाच्या टपरीवरचे बाकीचे वाद मिटवून टाकू. हेमाडपंती देवळं म्हणजे चुना न वापरता, दगडाला खाचा पाडून एकमेकांत बसवून उभारलेली देवळं. वजन आणि घट्ट बसणी यांच्यावर सगळं तोललेलं. सिन्नरचं गोंदेश्वर, लोणारचं दैत्यसूदन, आपलं औंढा, अशी नावं घेतात. औंढ्याला खालचा कोरीव दगडी भाग जुना आणि वरचा भाग नंतरच्या दुरुस्तीचा, हे सिव्हिलच्या पोरांनी नीट बघावं. पण ही पद्धत हेमाडपंतांनी शोधलेली नाही. अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्यातलं म्हणावं असं आहे, आणि त्याचा शिलालेख 1060 चा. म्हणजे हेमाडपंतांच्या दोनशे वर्षं आधीचा. त्यांच्या काळात अशी देवळं भरपूर झाली, म्हणून लोकांनी त्यांचं नाव दिलं. बाजरीचंही तसंच. बाजरी आपल्याकडे त्यांच्या कितीतरी आधीपासून होती. पण लोकांच्या मनात चांगल्या सोयीला एक नाव लागतं, आणि इतक्या गोष्टींना एकाच माणसाचं नाव चिकटलं हेही काही कमी नाही.

जे नक्की त्यांचं आहे ते वेगळंच. चतुर्वर्गचिंतामणी हा त्यांचा प्रचंड संस्कृत ग्रंथ. व्रतं कोणती, दानं कोणती, कोणत्या तिथीला काय करायचं, याचा तो कोश आहे. ठिकठिकाणी विखुरलेले नियम गोळा करून, वर्गवारी करून, एका जागी मांडले. त्याच्या व्रतखंडात यादव राजांची वंशावळही आहे, जी आज इतिहासाचं मोठं साधन झाली आहे. वैद्यकातल्या अष्टांगहृदय या ग्रंथावर आयुर्वेदरसायन नावाची टीका त्यांच्या नावावर आहे. त्यांच्या आश्रयाला बोपदेव नावाचा पंडित होता. त्याने मुग्धबोध हे संस्कृतचं सोपं व्याकरण लिहिलं, नवशिक्याला समजावं म्हणून. ते पुढे बंगालमध्ये खूप चाललं. म्हणजे अवघड गोष्ट आटोपशीर करणाऱ्या माणसांची किंमत हेमाडपंतांना होती, हे नक्की.

दुसरी बाजू

इथपर्यंत सगळं छान आहे. मासिकातले लेख साधारण इथेच संपतात, दोन ओळी आदर्शाच्या लिहून. पण ही गोष्ट इथे संपवली तर अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

त्याच काळात, त्याच गोदावरीच्या काठाने चक्रधरस्वामी फिरत होते आणि मराठीत बोलत होते. त्यांच्या महानुभाव पंथाच्या ग्रंथांत हेमाडपंत येतात ते विरोधक म्हणून. चक्रधरांच्या छळामागे त्यांचा हात होता असं तो पंथ मानतो, आणि पुढे राजाची मर्जी फिरून हेमाडपंतांचा शेवट वाईट झाला असंही त्या परंपरेत सांगतात. त्यात किती इतिहास आणि किती दुखावलेल्या मनाची आठवण, हा अभ्यासकांचा विषय. पण दोन बाजूंच्या कामाची तुलना आपण करू शकतो.

हेमाडपंतांचे ग्रंथ संस्कृतात. ते कोणासाठी, तर जाणकारांसाठी. मोडी कोणासाठी, तर लिहिणाऱ्यासाठी. महानुभावांकडे मात्र एक प्रसंग घडला. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे होती. केशिराजबास हे त्यांचे विद्वान शिष्य संस्कृतात रचना करायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. कारण एकच दिलं, की संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील. सातशे वर्षांपूर्वी कोणीतरी वापरणाऱ्यातल्या सगळ्यात मागच्या माणसाचा विचार करून पूर्ण प्रोजेक्टची भाषा बदलली! आपल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकात युजर रिक्वायरमेंटचा धडा आहे, त्यात हे उदाहरण यायला हवं होतं.

मोडीचा तोटा इथेच आहे. लिहायला जितकी सोपी तितकी वाचायला अवघड. शब्द तोडलेले नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, प्रत्येक लेखनिकाचं वळण वेगळं. संदेशात थोडा जादा मजकूर असला तर चूक पकडता येते, हे आपण कम्युनिकेशनमध्ये शिकतो. मोडीने तो जादा मजकूरच काढून टाकला होता. त्यामुळे सराव असलेल्यालाच कागद बोलायचा, बाकीच्यांना तो मुका. गावात कुलकर्णी वाचणार आणि रयत मान डोलावणार. जमीन आपली, सारा आपण भरलेला, पण कागदात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं.

पुढची सातशे वर्षं

हेमाडपंतांची यादवशाही फार टिकली नाही. 1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला, आणि 1318 पर्यंत सगळं संपलं. पण लेखनाची ती चाल टिकली. बहमनी काळ गेला, शिवशाही आली. शिवाजी महाराजांची पत्रं मोडीत आहेत. पेशवाईत तर मोडीने कळस गाठला. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधलेले आहेत. राज्यं चार आली नि गेली, पण कारकुनाच्या हाताची सवय तीच राहिली.

पेशवाईतलीच एक गोष्ट आपल्या भाषेत म्हण होऊन बसली आहे. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. नारायणरावाला धरावे असा हुकूम होता, आणि कोणीतरी ध चा मा केला, म्हणून धरावेचं मारावे झालं, असं सांगतात. खरंखोटं काहीही असो. पण ही गोष्ट लोकांना पटली कशी, ते बघा. एका अक्षराने माणूस मरू शकतो आणि कागद हातात घेणाऱ्याला ते अक्षर बदललंय हे कळायला काही मार्ग नाही, ही भीती लोकांच्या मनात खरी होती. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलं म्हणून तालुक्याला खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला आजही ही म्हण समजावून सांगावी लागत नाही.

इंग्रजांच्या काळात छापखाना आला. छापायला सुटी सुटी अक्षरं सोयीची, एकमेकांत गुंतलेली नाही. त्यामुळे पुस्तकं बाळबोधीत गेली, आणि विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतूनही गेली. आपल्या मराठवाड्याची कथा आणखी वेगळी. इथे निजामाचं राज्य. कारभार आधी फारसीत, मग उर्दूत. रयत मराठी. म्हणजे भाषाही परकी आणि लिपीही. मग कचेरीच्या बाहेर अर्जनवीस बसायचा. त्याला दोन पैसे द्यायचे, आपलं गाऱ्हाणं सांगायचं, तो काय लिहितो ते देवाला माहीत, आणि खाली अंगठा उठवायचा. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, मराठी राजभाषा झाली, आणि 1 मे 1999 ला परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कचेरी जवळ आली.

जुने कागद मात्र तसेच राहिले. 2023 मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा पहिली अडचण आली ती वाचणाऱ्याची. नोंद कपाटात होती, पण मोडीत किंवा उर्दूत. ती वाचू शकणारी माणसं हुडकून आणावी लागली. एका बाजूला पोरांच्या शिक्षणाचा, नोकरीचा प्रश्न, दुसऱ्या बाजूला आपल्याच पणजोबांचा कागद, आणि मध्ये न वाचता येणारी अक्षरं. लिहिणाऱ्याची सोय बघून केलेल्या कागदाची किंमत वाचणाऱ्याने किती पिढ्या मोजली, ते इथे दिसतं.

आणि आपण

मित्रांनो, आज कचेरी खिशात आली आहे. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा हक्क आहे. आपले सरकार पोर्टलवर घरबसल्या अर्ज करता येतो. 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तो हातात आला की तपासून बघता येतो, म्हणजे ध चा मा करणाऱ्याला थोडा तरी चाप बसला. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद स्वतः करायची. हे किती मोठं आहे ते कुलकर्ण्यापुढे मान डोलावणाऱ्या त्या रयतेच्या शेजारी ठेवून बघा. पहिल्यांदा बोरू तिच्या हातात आला.

पण बोरू हातात येणं आणि लिहिता येणं यात फरक आहे. माझे चुलते मोबाइलवर फोन लावतात आणि भजनं ऐकतात. पीक नोंदवायची वेळ आली की मी सुट्टीत घरी असेन तर मी, नाहीतर गावातलं दुसरं कोणाचं तरी शिकलेलं पोरगं. एकदा फॉर्म भरताना ओटीपी गेला तो बंद पडलेल्या नंबरवर. एका कागदावर नावात ऱ्हस्व वेलांटी, दुसऱ्यावर दीर्घ. मोडीत हा भेदच नव्हता, पण संगणकाला ती दोन वेगळी माणसं वाटतात. शेवटी आम्ही तालुक्याच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. तिथल्या पोराने पैसे घेतले, पटापट बटणं दाबली, पासवर्ड स्वतःच टाकला आणि स्वतःच्याच वहीत लिहून ठेवला. चुलते खुर्चीवर मागे बसून मान डोलावत होते. मला एकदम अर्जनवीस आठवला. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना शेवटच्या तारखेच्या रात्री आपल्या हॉस्टेलवर जी पळापळ होते, ती तरी काय वेगळी असते? आपल्याला इंग्रजी येतं, नेटवर्क आहे, बाजूच्या रूममध्ये मदत आहे, तरी ही गत. मग सेनगाव-कळमनुरीकडच्या एखाद्या वाडीतल्या म्हातारीचं काय होत असेल?

याचं कारण मला हेमाडपंतांच्या गोष्टीत सापडतं. बरीच सरकारी ॲप खात्याच्या सोयीने केलेली असतात. फॉर्मचे रकाने खात्याच्या रजिस्टरप्रमाणे, शब्द खात्याचे, क्रम खात्याचा. कारकुनाचं काम त्याने नक्की सोपं होतं, आणि ते व्हायलाही हवं. हेमाडपंतांनी तेच केलं आणि म्हणून त्यांचं ऑफिस सातशे वर्षं चाललं. पण कागदाला दोन टोकं असतात. एका टोकाला लिहिणारा, दुसऱ्या टोकाला ज्याच्यासाठी लिहिलं तो. मोडीने पहिलं टोक इतकं सुंदर सोडवलं की दुसऱ्याकडे बघायचं राहून गेलं. आपण उद्या जे बनवू त्यात ही चूक करायला आपल्याला कारण उरलेलं नाही. नुसतं चित्र दाबून पुढे जाता यावं, बोललं तर ॲपला समजावं, रेंज गेली तरी भरलेलं पुसलं जाऊ नये, नाव एका वेलांटीने अडू नये, आणि अडलंच तर पुढे कोणाकडे जायचं ते साध्या मराठीत दिसावं. यातलं काहीच अशक्य नाही. आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टात बसण्यासारखंच आहे.

एक चांगली बातमी आहे. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली. म्हणजे ज्या लिपीत हात उचलत नव्हते ती आता कीबोर्डवर आली, आणि जुने कागद संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. ज्याला मशीन लर्निंगमध्ये प्रोजेक्ट हवाय त्याने इकडेही बघावं. आपल्याच पणजोबांचा कागद आहे.

जाता जाता पुन्हा औंढ्याला जाऊ. हेमाडपंत देवगिरीवर कारभार बघत होते, त्याच सुमारास, 1270 मध्ये, आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीत नामदेव जन्मले असं परंपरा सांगते. पुढे ते औंढ्याला आले आणि देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून उठवलं आणि मागच्या बाजूला जायला सांगितलं. नामदेव मागे गेले आणि तिथेच गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरलं आणि त्याचं तोंड नामदेवांकडे झालं, अशी कथा आहे. नंदी अजून मागच्या बाजूलाच आहे, त्याचं कारण लोक हेच सांगतात.

सिव्हिलची पोरं म्हणतील, इतकं दगडी देऊळ फिरणं शक्य नाही. बरोबर आहे. दगड फिरवणं अवघड असतं. आपल्याला मात्र फक्त एक स्क्रीन फिरवायची आहे, मागे उभ्या असलेल्या माणसाकडे.